मागील इतिवृत्त कायम करणे

सभांची इतिवृत्तं मी लिहिते, सतरा वर्षं,
झांबेझीकाठच्या न्यामुरेंबाच्या कचेरीत.
या कामात कर्ता लागत नाही.
ठरवण्यात आलं. नोंद घेण्यात आली.
चर्चेअंती एकमत झालं.
वाक्य रिकाम्या होडीसारखं आपसूक पुढे जातं.

मंगळवार, संध्याकाळचे सहा.
हजर: प्रशासक आर्मिंदो कांपिरा,
पोलीस, आरोग्य, पाटबंधारे, गोदाम, शाळांच्या बाई,
आणि दाराशी उभा तोमे फोंबे.
त्याला खुर्ची नसते. त्याला सायकल असते,
एक भोंगा, एक शिट्टी,
आणि घडी घातलेली तीन निशाणं:
निळं, पिवळं, तांबडं.

धरणावरून इंजिनियरचा फोन आला.
रात्री अकराला चार दरवाजे उघडावे लागतील,
पहाटेच्या आत पाणी तुमच्याकडे.
लागतील म्हणजे? कांपिरांनी विचारलं.
म्हणजे वरून होकार आला तर.
आणि नाही आला तर?
फोनमधून नदीचा आवाज आला,
किंवा लाइन खराब होती.

कांपिरांचा मला धड राग करता येत नाही, ही माझी अडचण.
गेल्या फेब्रुवारीत तांबडं त्यांनीच लावलं होतं.
चार हजार माणसं माळावर चढली,
नऊ दिवस ताडपत्रीखाली राहिली,
आणि पाणी आलंच नाही.
खाली शेळ्या गेल्या, दारांच्या चौकटीसुद्धा गेल्या.
फेलिझार्दा सांदे नावाची म्हातारी आली,
त्यांच्या टेबलावर रिकामं दावं ठेवून
काही न बोलता निघून गेली.
ते दावं अजून त्यांच्या खणात होतं. मी पाहिलंय.

त्यात गुरुवारी मंत्री यायचे होते,
पुलाची फीत कापायला.
फीतही तांबडीच होती.

कांपिरा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
मग म्हणाले, पिवळं राहू दे.
तोमे म्हणाला, साहेब,
पिवळं बघून लोक भांडी आवरतात,
मुलं नाही.
कुणीतरी खाकरलं.
मी लिहिलं: परिस्थितीवर लक्ष ठेवण्याचं ठरलं.
सहा चाळीस. चहा झाला. बिस्किटं मऊ पडली होती.

तोमे रात्री दीडला निघाला, तांबडं घेऊन.
कोणाच्या हुकमानं?
चौकशी समितीनं चारदा विचारलं.
तो म्हणाला, संध्याकाळी विहिरीला दोर कमी लागला.
समितीनं हे उत्तर असंबद्ध म्हणून नोंदवलं.
निम्मी वस्ती त्याच्या शिट्टीमागे चढली.
बाकीच्यांनी दारातूनच विचारलं,
गेल्या वर्षीचाच ना रे तू?
आकडा मी इथे लिहीत नाही.
तो परिशिष्ट तीनमध्ये आहे, वयानुसार.

आज पुन्हा सभा.
कांपिरांची बदली झाली, म्हणजे करण्यात आली.
नव्या प्रशासक बाई तरुण आहेत, पेन उघडून बसल्यात.
तोमेला आता खुर्ची मिळाली आहे.
तो तिच्यावर बसत नाही.
सायकल गाळात गेली.

विषय क्रमांक एक: मागील इतिवृत्त कायम करणे.
काही दुरुस्ती?
सगळे टेबलाच्या लाकडाकडे बघतात.

आहे, मी म्हणते.
पान तीन, ओळ अकरा. 'ठरलं' हा शब्द खोडावा.
तिथे लिहावं: फोन आठ जणांनी ऐकला.
एकजण बोलला.
सात वाजता पोलीस साहेबांनी आईला वर आणलं.
शाळांच्या बाईंनी गाई आणल्या, दोन.
मी बहिणीला निरोप धाडला,
मुलांना घेऊन ये, मासे केलेत.
मासे केले नव्हते.
आम्हा प्रत्येकाचा निर्णय झाला होता
आणि तो अचूक होता.

बाई म्हणतात, हे इतिवृत्तात कसं बसवायचं?
बसवता येतं, मी म्हणते,
नमुना ठरलेला आहे.

सूचक: सेलेस्तिना गिमो, लेखनिक.
अनुमोदक: